मालिका ठरली, पण संच कोणता? डिस्कवर मालिका जमवणाऱ्यांसाठी पायरीवार माहिती

चित्रपटाची डिस्क घेणं त्यामानाने सोपं. दोन-अडीच तासांचा ऐवज, एक डिस्क, फार तर दोन आवृत्त्या. मालिकेचं तसं नसतं. साठ, शंभर, दीडशे भाग, वीस-तीस डिस्क, आणि एकाच मालिकेचे तीन-चार वेगवेगळे संच बाजारात फिरत असतात. एकात संगीत बदललेलं, दुसऱ्यात चित्राच्या कडा कापलेल्या, तिसऱ्यात प्रत्येक भागातली दोन मिनिटं गायब. वरच्या कव्हरवर मात्र सगळीकडे तेच नाव आणि तेच चेहरे. त्यामुळे मालिका ठरवायला पाच मिनिटं पुरतात, पण आवृत्ती ठरवायला एक अख्खी संध्याकाळ काढावी. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्या संध्याकाळी काय तपासायचं यावरच आहेत.

'स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं की' असं कुणीतरी म्हणणारच. मिळतं, पण ते ठेवतील तोवर. 'वेस्टवर्ल्ड' ही एचबीओची स्वतःची मालिका, तरी डिसेंबर २०२२ मध्ये ती एचबीओ मॅक्सवरून काढली गेली. ज्यांच्याकडे डिस्क होत्या त्यांचं काहीच अडलं नाही. डिझ्नी प्लसवरची 'विलो' सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, मे २०२३ मध्ये गायब झाली, आणि तिची तर डिस्क निघालेलीच नव्हती. कधी मालिका राहते पण भाग जातात. जून २०२० मध्ये नेटफ्लिक्सने 'कम्युनिटी'चा एक भाग असाच उचलला. तो निर्णय बरोबर की चूक हा वाद वेगळा. आपल्या फडताळातल्या संचाला त्याचा धक्का लागत नाही, एवढंच इथे महत्त्वाचं.

पायरी १: विकत घेण्याजोगी मालिका कोणती?

चांगली मालिका आणि विकत घेण्याजोगी मालिका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रहस्य फुटलं की जिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही, ती कितीही गाजलेली असो, एकदा बघावी आणि सोडून द्यावी. पैसे घालावेत ते जिचा कुठलाही भाग कुठल्याही रात्री काढून लावता येतो अशा मालिकेत, किंवा शेवट पाठ असूनही जी पुन्हा पहिल्यापासून बघावीशी वाटते अशा मालिकेत.

पहिल्या प्रकाराचं उत्तम उदाहरण म्हणजे १९५९ ते १९६४ या काळातली 'द ट्वायलाइट झोन'. १५६ भाग आणि प्रत्येक भाग म्हणजे स्वतंत्र कथा. 'फॉल्टी टॉवर्स'चे तर एकूण १२ भाग, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे. एवढ्याशा संचातून इतक्या वेळा हसू देणारी दुसरी मालिका मला माहीत नाही. दुसऱ्या प्रकारात 'बँड ऑफ ब्रदर्स'चे १० भाग, 'चेर्नोबिल'चे ५, 'द वायर'चे ६० आणि 'ब्रेकिंग बॅड'चे ६२ येतात.

नव्याने जमवायला लागलेल्यांनी लहान आणि पूर्ण झालेल्या मालिकांपासून सुरुवात करावी. चालू मालिकेचे सीझन एकेक करून घेणाऱ्यांची पुष्कळदा फसगत होते. खप घसरला की कंपनी मध्येच पुढचे सीझन काढायचं थांबवते आणि हातात अर्धवट संच उरतो. उलट मालिका संपल्यावर निघणारा एकत्रित संच सहसा स्वस्त पडतो. त्याचं पॅकिंग बरेचदा हलकं असतं आणि सुट्या सीझनसोबतच्या मुलाखती-चर्चा कधीकधी त्यातून वगळलेल्या असतात, तेवढं बघून घ्यावं. 'द सिम्पसन्स'च्या सुरुवातीच्या सीझनच्या डीव्हीडींवर जवळपास प्रत्येक भागाला निर्माते-लेखकांची कॉमेंटरी, म्हणजे भाग चालू असताना ऐकू येणारं भाष्य, आहे. असं काही असेल तर सुटे सीझन जमवण्यात अर्थ आहे. दहा मिनिटांच्या जाहिरातवजा मुलाखतींसाठी नाही.

पायरी २: मालिका कशावर चित्रित झाली, हे शोधा

डीव्हीडी घ्यावी, ब्लू-रे घ्यावी की फोर-के, याचं उत्तर दुकानात मिळत नाही. ते मालिकेच्या चित्रीकरणात दडलेलं असतं.

आधी आकडे. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ४८० किंवा ७२० बाय ५७६ बिंदूंचं असतं. ब्लू-रेचं १९२० बाय १०८०, आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रेचं, म्हणजे ज्याला आपण फोर-के म्हणतो त्याचं, ३८४० बाय २१६०. आकडा मोठा म्हणजे चित्र चांगलं, असा समज करून घेऊ नका. मुळात जेवढा तपशील टिपला गेला, त्यापेक्षा जास्त डिस्कवर येऊ शकत नाही.

३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेल्या मालिकेत तपशील भरपूर असतो. मूळ फिल्म जपलेली असेल तर साठ वर्षांपूर्वीची कृष्णधवल मालिकासुद्धा ब्लू-रेवर लखलखीत दिसते. 'द ट्वायलाइट झोन' तशीच आहे, मात्र एका अपवादासह. दुसऱ्या सीझनमधले सहा भाग खर्च वाचवण्यासाठी व्हिडिओटेपवर घेतले होते. ब्लू-रे संचातही ते सहा भाग बाकीच्यांसमोर फिके आणि मऊ दिसतात. डिस्क खराब आहे असं समजून ती परत करायला धावू नका.

टेपवर घेतलेल्या मालिकेचा तपशील टेपच्या मर्यादेतच राहतो. सत्तरच्या दशकातल्या बीबीसीच्या विनोदी मालिकांची रीत अशी, की स्टुडिओतली दृश्यं व्हिडिओटेपवर आणि बाहेरची १६ मिमी फिल्मवर. 'फॉल्टी टॉवर्स'ही त्याच पद्धतीने झाली. अशा मालिकेसाठी चांगली डीव्हीडी पुरेशी असते. ब्लू-रे घेतली तर थोडी स्वच्छता आणि कमी दाबलेलं (जागा वाचवण्यासाठी कमी कॉम्प्रेस केलेलं) चित्र मिळेल, चमत्कार होणार नाही.

खरी गंमत मधल्या काळातल्या मालिकांची. ऐंशी-नव्वदच्या दशकात पुष्कळ मालिका फिल्मवर चित्रित व्हायच्या, पण संकलन आणि ट्रिक दृश्यं व्हिडिओटेपवर व्हायची. म्हणजे पूर्ण झालेला भाग उच्च दर्जात कुठेच अस्तित्वात नाही, फक्त कच्ची फिल्म डब्यांत आहे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' याच प्रकारातली. २०१२ ते २०१४ दरम्यान तिचे सातही सीझन ब्लू-रेवर आले, तेव्हा मूळ निगेटिव्ह शोधून प्रत्येक भाग नव्याने जोडावा लागला आणि दृश्यपरिणाम पुन्हा रचावे लागले. काम अप्रतिम झालं आणि खर्चही तसाच झाला. पुढच्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' या मालिकांच्या वाट्याला हे आलं नाही. त्या आजही डीव्हीडीवरच आहेत. ब्लू-रेची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांच्या डीव्हीडी घ्याव्यात.

'बॅबिलॉन ५'चा घोळ आणखी निराळा. माणसांची दृश्यं रुंद चित्राचा विचार करून फिल्मवर घेतली, पण संगणकीय दृश्यं त्या काळच्या टीव्हीच्या ४:३ (चार भाग रुंद, तीन भाग उंच) चौकटीत आणि साध्या दर्जात तयार केली. पहिल्या डीव्हीडी संचांत सगळं रुंद केलं, तेव्हा ती संगणकीय दृश्यं वरखाली कापून ताणली गेली. २०२३ च्या ब्लू-रेत मालिका परत ४:३ मध्ये आली आणि डोळ्यांना सुसह्य झाली. इथे अरुंद चित्राची आवृत्तीच सरस आहे.

२००५ नंतर थेट एचडीत तयार झालेल्या मालिका मात्र निःशंक ब्लू-रेवर घ्या. फोर-केचा अट्टहास सगळीकडे नको. अंधारातली दृश्यं, निसर्ग आणि भव्य छायाचित्रण जिथे आहे तिथे तो पैसा वसूल होतो. 'प्लॅनेट अर्थ २' हे एक उदाहरण. 'गेम ऑफ थ्रोन्स' हे दुसरं. तिच्या आठव्या सीझनचा तिसरा भाग एप्रिल २०१९ मध्ये दाखवला, तेव्हा अंधारात काहीच दिसत नसल्याची तक्रार जगभर झाली. भाग मुद्दामच काळोखा चित्रित केलेला आहे हे खरं, पण प्रक्षेपणात आणि स्ट्रीमिंगमध्ये चित्र दाबल्यामुळे काळ्या रंगाचे पट्टे पडत होते, ते फोर-के डिस्कवर जवळपास नाहीसे होतात. चित्राला सेकंदाला किती माहिती मिळते ते मेगाबिटमध्ये मोजतात, जितकी जास्त तितकं चित्र कमी दाबलेलं. स्ट्रीमिंगचं फोर-के साधारण सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटवर चालतं, डिस्कची मर्यादा १२८ मेगाबिटपर्यंत जाते.

पायरी ३: आवृत्तीची उलटतपासणी

संगीतापासून सुरुवात करा. मालिकेत वाजलेल्या गाण्यांचे हक्क पूर्वी प्रक्षेपणापुरते घेतलेले असत. डिस्क काढायची वेळ आली की ते पुन्हा विकत घ्यावे लागतात आणि कंपनीला ते परवडत नाही. मग मूळ गाण्याच्या जागी कुणाचंतरी बिनचेहऱ्याचं संगीत येतं. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' तर रेडिओ स्टेशनवरचीच मालिका, गाणी हा तिचा प्राण. २००७ च्या डीव्हीडीत पहिल्या सीझनची बरीचशी गाणी बदलली होती. २०१४ च्या दुसऱ्या कंपनीच्या संचात त्यातली पुष्कळशी परत आली. 'मॅरीड... विथ चिल्ड्रन'च्या डीव्हीडीत तर तिसऱ्या सीझनपासून शीर्षकगीतच बदललं. 'द वंडर इयर्स' गाण्यांच्या हक्कांपायी कित्येक वर्षं रखडली आणि पूर्ण संच २०१४ मध्ये निघाला. तेव्हा जुना संच स्वस्तात दिसला तर आधी विचारा, हा गाणी बदललेला तर नाही?

त्यानंतर भागांची लांबी. पुनःप्रक्षेपणासाठी जाहिरातींना जागा करताना भागांतली मिनिटं कापली जातात, आणि काही कंपन्या तीच कापलेली प्रत डिस्कवर चढवतात. 'रोझॅन'च्या २००५ सालच्या पहिल्या सीझनच्या डीव्हीडीत हेच झालं. ओळखायची युक्ती सोपी आहे. पाठीमागे छापलेली एकूण मिनिटं घ्या, भागांच्या संख्येने भागा आणि मूळ लांबीशी ताडून बघा. अमेरिकी तासाभराच्या मालिकेचा भाग साठच्या दशकात सुमारे ५० मिनिटांचा असे, नव्वदच्या सुमारास ४५ आणि पुढे ४२ मिनिटांच्या आसपास आला. जुन्या मालिकेचा भाग ४५ मिनिटांत उरकत असेल तर कात्री लागलेली आहे. मात्र युरोपी संच असेल तर हा निष्कर्ष काढण्याआधी पाचवी पायरी वाचा.

उलटंही घडतं. 'फ्रेंड्स'च्या डीव्हीडीत मूळ प्रक्षेपणात नसलेले जादा प्रसंग होते. २०१२ च्या ब्लू-रेसाठी फिल्मवरून नवं, सुंदर चित्र काढलं, पण भाग टीव्हीवर दाखवले तेवढेच ठेवले. चित्र हवं तर ब्लू-रे, जादा विनोद हवेत तर डीव्हीडी. दोन्ही एकत्र मिळत नाही म्हणून दोन्ही संच ठेवणारे लोक आहेत आणि त्यांना हसू नये.

चित्राची चौकट हा तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष यावर होतं. ४:३ मध्ये रचलेली मालिका आजच्या रुंद पडद्यासाठी १६:९ केली, की वरचा-खालचा भाग कापला जातो किंवा बाजूला न दाखवायचं असलेलं दिसू लागतं. 'साइनफेल्ड'च्या एका भागात सगळा विनोद रस्त्यातल्या खड्ड्यावर आहे. नेटफ्लिक्सवरच्या रुंद चित्रात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला. डीव्हीडीत ४:३ चित्र आहे आणि खड्डा जागेवर आहे. २०२४ चा फोर-के संच दिसायला देखणा, पण रुंदच. 'द वायर' ३५ मिमीवर चित्रित होऊन ४:३ मध्ये दाखवली गेली, आणि २०१४ मध्ये तिची १६:९ प्रत बनली. पुढल्या वर्षी ती ब्लू-रेवर आली. निर्माता डेव्हिड सायमनने स्वतः त्या कामात लक्ष घातलं, आणि काही दृश्यं रुंद झाल्याने खुलली तर काहींचं नुकसान झालं हेही त्याने लिहून टाकलं. इतका प्रामाणिक निर्माता असेल तर ब्लू-रे घ्यायला हरकत नाही. बाकी ठिकाणी मी मूळ चौकटीच्या बाजूने.

भागांचा क्रम आणि भागांची संख्याही मोजून घ्या. 'फायरफ्लाय' २००२ मध्ये वाहिनीने उलटसुलट क्रमाने दाखवली आणि चौदापैकी अकराच भागांनंतर बंद केली. २००३ च्या डीव्हीडी संचात चौदाही भाग निर्मात्यांना अभिप्रेत क्रमाने आले, आणि तो संच इतका खपला की २००५ मध्ये त्यावरून चित्रपट निघाला. इथे डिस्क हीच मालिकेची खरी प्रत ठरली. 'ट्विन पीक्स'चं याच्या विरुद्ध. पहिल्या सीझनचा २००१ चा अमेरिकी संच प्रारंभीच्या दीर्घ भागाविनाच निघाला, कारण त्याचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते. कथा जिथून सुरू होते तेच नाही! २००७ चा आणि २०१४ चा, हे दोन्ही संच पूर्ण आहेत. जुन्या बाजारात २००१ चा अजून फिरतो.

पायरी ४: डिस्क किती आहेत, मोजा

हा हिशेब कुणी करत नाही, आणि दोन मिनिटांचाच आहे. डिस्कमध्ये माहिती एका किंवा एकावर एक दोन थरांत साठवलेली असते. एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, दोन थरांची ८.५. ब्लू-रे एका थराला २५ जीबी, दोन थरांना ५०. डिस्कच्या जीबीला ८००० ने गुणा आणि तिच्यावरच्या भागांच्या एकूण सेकंदांनी भागा, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट वाट्याला आले ते कळतं.

दोन थरांच्या डीव्हीडीवर ४२ मिनिटांचे चार भाग असतील तर उत्तर येतं पावणेसात. छान. त्याच डिस्कवर सात भाग कोंबले तर चारच्याही खाली. धावपळीच्या दृश्यात चौकोन फुटलेले दिसणार. ब्लू-रेवर चार भागांना ४० च्या घरात मिळतं, आठ भागांना २०, आणि वीससुद्धा वाईट नाही.

'संपूर्ण मालिका, आता कमी डिस्कमध्ये' असं कव्हरवर मिरवलेलं असेल तर हा हिशेब जरूर करा. ९४ भागांचं 'महाभारत' घ्या. भाग पाऊण तासाच्या आसपासचा धरला तर सत्तर तास होतात. ते दहा डीव्हीडींत बसवलेत असं कुणी सांगितलं, तर एका डिस्कवर सात तास आले, म्हणजे सेकंदाला तीन मेगाबिटसुद्धा नाहीत. आणि व्हीसीडीला, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या व्हिडिओ सीडीला, डीव्हीडी समजून घेऊ नका. तिचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास.

पायरी ५: विभाग आणि वेग

डीव्हीडीवर विभागाचं कुलूप असतं. १ म्हणजे अमेरिका-कॅनडा, २ युरोप, जपान आणि मध्यपूर्व, ३ आग्नेय आशिया आणि दक्षिण कोरिया, ४ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका, ५ भारतीय उपखंड, रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग, ६ चीन. ब्लू-रेचे तीनच विभाग: अमेरिका खंड, जपान आणि आग्नेय आशिया ए मध्ये, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत, चीन आणि रशिया सी मध्ये. फोर-के डिस्कना विभागच नाही. पुष्कळ ब्लू-रे संच विभागमुक्त असतात, पण कव्हरवर लिहिलेलं नेहमीच खरं नसतं. ज्यांनी तोच संच घेतला आहे त्यांना विचारावं. संगणकातल्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग पाच वेळाच बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा.

आता वेगाची गोष्ट. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. युरोपात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत २५ चौकटी लागतात, म्हणून फिल्मवरची अमेरिकी मालिका तिथे चार टक्के जलद धावते. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा येतो. काही कापलेलं नसतं. कान तयार असेल तर ओळखीचं शीर्षकसंगीत लगेच खटकतं, नसेल तर आयुष्यभर कळत नाही. बीबीसीच्या मालिका मुळातच २५ चौकटींच्या, त्यामुळे त्यांची ब्रिटिश डिस्कच योग्य. साधा नियम असा, की डीव्हीडी घ्यायची तर मालिका जिथली तिथलाच संच घ्या. ब्लू-रेवर २४ चौकटी जशाच्या तशा चालतात, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

निवेदनही देशागणिक बदलतं. 'प्लॅनेट अर्थ'ची बीबीसीची आवृत्ती डेव्हिड अटेनबरोंच्या आवाजात आहे, अमेरिकेतल्या डिस्कव्हरी वाहिनीची सिगोर्नी वीव्हरच्या. दोन्हींच्या डिस्क निघाल्या. माझं मत अटेनबरोंना.

पायरी ६: वापरलेला संच आणि नकली संच

छपाई बंद झालेल्या मालिका वापरलेल्याच मिळतात. विकणाऱ्याकडून प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागा, फक्त डब्याचा नको. पुठ्ठ्याच्या खाचांत डिस्क सरकवून ठेवलेले संच असतील तर डोळ्यांत तेल घालून बघा, कारण काढता-घालता प्रत्येक वेळी डिस्क पुठ्ठ्यावर घासली जाते. दोन्ही बाजूंना भाग असलेल्या डीव्हीडी २००० नंतरच्या दशकात बऱ्याच संचांत आल्या. त्यांना लेबलची बाजूच नसते, बोटांचे ठसे दोन्हीकडे पडतात, आणि त्या अडकण्याबद्दल बदनाम आहेत. पर्याय असेल तर त्या टाळा.

नकली संच ओळखण्याची खूण म्हणजे खालची जांभळट किंवा निळसर छटा. ती घरी भरता येणाऱ्या डीव्हीडीची असते. कारखान्यात ठसा मारून बनवलेली डीव्हीडी चंदेरी किंवा सोनेरी दिसते आणि मधल्या कड्यावर बारीक अक्षरांत सांकेतिक क्रमांक असतो, बहुधा आयएफपीआय (ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) या अक्षरांसह. पण जांभळी म्हणजे नकलीच, असंही नाही. वॉर्नर आर्काइव्हने २००९ मध्ये मागणीनुसार डिस्क भरून विकायला सुरुवात केली, तेव्हाच्या अस्सल डिस्कसुद्धा भरलेल्याच होत्या. छटेसोबत बाकीच्या गोष्टी बघा: सगळे विभाग चालतील असा दावा, अंधुक छापलेलं कव्हर, कधीच प्रकाशित न झालेल्या मालिकेचा 'संपूर्ण' संच.

वॉर्नरच्या २००६ ते २००८ च्या सुमाराच्या डीव्हीडींबद्दल एक वेगळा इशारा. त्यातल्या काही आतून खराब होत असल्याचं जमवणाऱ्यांनी उघडकीला आणलं, २०२५ मध्ये कंपनीनेही ते मान्य केलं आणि शक्य तिथे बदलून देण्याची तयारी दाखवली. या डिस्क वरून पूर्ण स्वच्छ दिसू शकतात. त्या काळातला वॉर्नरचा संच असेल तर डोळ्यांवर विश्वास न ठेवता लावून बघा.

पायरी ७: घरी आल्यावर लगेच तपासा

मालिकेच्या संचाची मोठी अडचण ही, की सहाव्या सीझनची तिसरी डिस्क बिघडलेली आहे हे दीड वर्षाने कळतं. तोवर परतीची मुदत गेलेली असते. म्हणून सगळ्या डिस्क आल्या आल्याच तपासायच्या. शंभर तास बसून नाही, नेमक्या जागा बघून.

लेसर डिस्क आतून बाहेर वाचत जातो. दोन थरांच्या डिस्कमध्ये पहिला थर बाहेरच्या कडेपाशी संपतो, तिथे लेसर दुसऱ्या थरावर उतरतो आणि मग आत परततो. बिघाड, वाकडेपणा, चिकटवणीतली खोट हे सगळं बाहेरच्या कडेला आधी दिसतं. म्हणजे डिस्क भरलेली असेल तर तिचा नाजूक भाग शेवटाला नसून मध्यावर असतो. चार भागांच्या डिस्कवर दुसऱ्या भागाची शेवटची दहा मिनिटं आणि तिसऱ्याची पहिली दहा मिनिटं लावा. तिथे चित्र अर्धा क्षण थबकलं तर ते थर बदलणं, काळजी नको. चौकोन फुटले, आवाज तुटला किंवा प्लेअर अडकला तर डिस्क परत. एका थराच्या डिस्कसाठी शेवटचा भाग बघा. संगणकात ड्राइव्ह असेल तर अख्खी डिस्क एकदा ड्राइव्हच्या पूर्ण वेगाने वाचून घेणारे प्रोग्रॅम मिळतात. कुठे अडखळली ते लगेच दिसतं.

त्याचबरोबर प्रत्येक डिस्क तिच्या नावाचीच आहे ना, हेही बघा. एकच डिस्क दोनदा आणि एक गायब, ही मोठ्या संचांतली नेहमीची चूक आहे.

पायरी ८: ठेवणं आणि पुसणं

यात फार काही नाही. डबे पुस्तकासारखे उभे ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून लांब. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ मध्ये दिलेली शिफारस ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेची आहे. घरात तेवढं पाळता येणार नाही, पण तापमानात वारंवार मोठे चढउतार होऊ न देणं जमतं. डिस्क काढताना मधली कळ दाबा, कडेने ओढून वाकवू नका. डीव्हीडी ही दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून बनते आणि वाकवण्याने ती जोडच सैल होते. पुसायची तर मऊ कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी खोल असतो. वर कडक लेप असतो म्हणून बारीक ओरखडे चालतात, पण खोल ओरखडा पडला तर तो घासून काढण्याची यंत्रं तिथे उपयोगाची नाहीत. पुठ्ठ्याच्या खाचांचे संच असतील तर डिस्क मऊ अस्तराच्या पाकिटांत हलवा आणि मूळ पुठ्ठा शेजारी ठेवा.

पायरी ९: प्लेअर

डिस्क पन्नास वर्षं टिकली आणि प्लेअर नसेल तर उपयोग शून्य. ऑप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये नवी मॉडेल्स आणणं सोडलं, एलजीनेही पुढे हात आखडता घेतला. सोनी आणि पॅनासोनिक अजून टिकून आहेत. डिस्कची फट असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स फोर-के डिस्क चालवतो. प्लेस्टेशन ४ प्रो चालवत नाही, हे अनेकांना घेतल्यावर कळतं.

वेगवेगळ्या देशांतले संच असतील तर सर्व विभागांचा प्लेअर घ्या, आणि तो ५० हर्ट्झचं (सेकंदाला ५० वेळा ताजं होणारं, युरोपी पद्धतीचं) चित्र तुमच्या टीव्हीला नीट देतो का तेही विचारा. बीबीसीच्या कित्येक ब्लू-रे १०८० आय ५० या ५० हर्ट्झच्या पद्धतीच्या असतात आणि काही अमेरिकी टीव्ही त्या स्वीकारत नाहीत. फोर-के घेणाऱ्यांनी तीन थरांची, १०० जीबीची एखादी डिस्क लावून बघावी. स्वस्त प्लेअर अडकतात ते याच डिस्कवर.

संग्रह मोठा झाला असेल तर आत्ताच एक जादा प्लेअर घेऊन ठेवायला हरकत नाही. त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, कारण ब्लू-रेच्या कुलपाच्या किल्ल्या बदलत राहतात आणि जुन्या सॉफ्टवेअरवर नवी डिस्क उघडत नाही. कंपनीची वेबसाइट चालू आहे तोवर ती अद्ययावत फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि तो प्लेअर खोक्यात वर्षानुवर्षं बंद ठेवू नका. ट्रे हलवणारा रबरी पट्टा पडून पडून कडक होतो. अधूनमधून बाहेर काढून त्याच्यावर एखादा भाग बघत जा.